झऱ्याचं की बर्फाचं

२ फेब्रुवारी २००९, सोमवार

सकाळी पडदा सरकवला तर कुंपण दिसेना. रात्रीत एवढा बर्फ पडला.

रस्ता बंद. पण माझं काम दाराशीच आहे. या दरीतली नदी आणि तिचे झरे यांचं पाणी मोजणं, हेच इतकी वर्षं करत आलो. मार्चअखेर निवृत्त होईन. मागच्या कुरणात नळकांडं रोवलं, बर्फाचा दांडा बाहेर काढला, वजन केलं. गुडघाभर उंचीत पाणी दोन-तीन बोटं. बाकी हवा.

नदी मात्र उतरली आहे. एवढं पाणी आकाशातून खाली आलं आणि नदीच्या वाट्याला थेंब नाही. पाऊस पडला की तिला तासाभरात कळतं. बर्फ पडला की तिला कोणी सांगत नाही. दरवर्षी हे मोजतो आणि दरवर्षी थोडा वेळ तिथेच उभा राहतो.

संध्याकाळी लेव्हीचा लीड्सहून फोन. तो तिथल्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर आहे. म्हणाला, त्याच्या होणाऱ्या बायकोची, क्लोईची, बुडी जिथे ठरली होती त्या मिक्वाचे, म्हणजे शुद्धीच्या कुंडाचे, पाइप गोठून फुटले. सोळा तारखेला लंडनहून दोन रब्बी येणार. तिची परीक्षा घेणार. मग कुंडात तीनदा बुडी, की ती यहुदी. तीन वर्षं शिकते आहे. सोळा चुकली तर पुढची तारीख थेट सप्टेंबरात.

"सप्टेंबर तर सप्टेंबर," मी म्हणालो.

"नाही बाबा. सप्टेंबर नाही चालणार."

"का? लग्न काय पळून जातंय?"

लेव्हीच्या आईने, मिल्काने, फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वयंपाकघरात नेला. दार लावून बराच वेळ बोलत होती.


३ फेब्रुवारी

मिल्का म्हणते, तारीख हुकेल म्हणून मी मनातून खूश आहे. तसं नाही.

क्लोई भली मुलगी आहे. वरच्या शेतावरच्या थ्वेटची. त्याच्या मेंढ्या माझ्या मोजपट्ट्यांना अंग घासतात, एवढाच आमचा जुना वाद. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. शंका आहे ती 'होण्या'बद्दल. आई यहुदी असली की माणूस यहुदी असतो. होत नाही.

लंडनला आलो त्या वर्षी पहिल्याच शब्बाथला सिनेगॉगमध्ये गेलो होतो. शेजारच्या गृहस्थाने प्रेमाने विचारलं, "तुम्ही केव्हा झालात?" मी सांगितलं, आमचे वाडवडील कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी बंद ठेवत. बाकी सगळं विसरले तरी तेवढं धरून राहिले. "हो का," तो म्हणाला, आणि प्रार्थनेच्या पुस्तकातलं पान मला बोटाने दाखवलं.

त्या बोटाची आठवण अजून आहे.


५ फेब्रुवारी

पुन्हा बर्फ.

क्लोईला शिकवणाऱ्या इथल्या रब्बींचा फोन आला. रब्बी बाई आहेत. मिल्का त्यांना रब्बीबाई म्हणते, त्या हसतात. त्यांनी तोड काढली आहे. कुंडातलं पाणी आपोआप साठलेलं हवं. बादलीने आणून ओतलेलं चालत नाही. पण बर्फ चालतो. बर्फ टोपलीत भरून आणा, खड्ड्यात टाका, तिथे वितळू द्या. ते पाणी पावसाचंच धरतात.

"म्हणजे पाणी उचललं तर बाद, आणि तेच पाणी गोठलेलं उचललं तर चालतं?"

"हो."

"का?"

"कारण तुम्ही उचललंत तेव्हा ते पाणी नव्हतं."

फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी बसलो. मी जन्मभर बर्फाला साठवलेलं पाणी म्हणत आलो. ही बाई म्हणते, ते अजून पाणी नाही.

थ्वेटच्या जुन्या डेअरीत, जमिनीत खोदलेला एक दगडी हौद आहे. पूर्वी दुधाचे कॅन गार ठेवायला वापरत. रब्बींनी माप सांगितलं: हातभर लांब, हातभर रुंद, तीन हात खोल, इतकं तरी पाणी हवं. एक माणूस पुरता बुडेल इतकं. हौद त्याहून मोठा आहे.


८ फेब्रुवारी, रविवार

दिवसभर बर्फ वाहिला. लेव्ही आणि मी फावड्याने भरायचो, थ्वेट ट्रॅक्टरमागच्या गाडीतून न्यायचा. क्लोईने फावडं उचललं तर लेव्ही आणि मिल्का दोघंही एकदम ओरडले. एवढी राकट मुलगी, मेंढी उचलते, आणि तिला हे फावडं उचलू देत नाहीत. ती डेअरीच्या उंबऱ्यावर बसून राहिली. दुपारी तिथेच झोप लागली तिला.

"तुझं खातं तुला बर्फ मोजायचा पगार देतं," थ्वेट मला म्हणाला. "वाहायचाही देतं का?"

"हा कुटुंबासाठी."

"बरं. मग मलाही फुकटच वाहायला हवा."

थर खणताना पाहिले. सर्वांत खाली सोमवारचा, दाणेदार. त्यावर काचेसारखी पातळ पापडी: मध्ये तासभर पाऊस झाला होता, तो तिथे पकडला गेला आहे. त्यावर गुरुवारचा, पिठासारखा. दिवस जसे आले तसे एकावर एक पडून आहेत, एकही सांडलेला नाही. आकडे मला पाठ आहेत. ते वजन खांद्यांना आज पहिल्यांदा कळलं.

दुपारी हौद शिगोशीग भरला. थ्वेटने रॉकेलची शेगडी पेटवून ठेवली. संध्याकाळी परत आलो तर बर्फ निम्म्यावर, आणि तळाशी वीतभर पाणी. लेव्ही वाकून बघत राहिला.

"बाबा, केवढा मोठा ढीग होता. आणि पाणी एवढीच?"

"एवढंच," मी त्याचं मराठी सुधारत म्हणालो. तोही माझ्यासारखाच तिथून हलेना.


९ फेब्रुवारी, सोमवार

आज झाडांचं नवं वर्ष. आमच्यात एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचा मलिदा करतात. मिल्काने वेम्बलीहून आणलेले पोहे भिजवले, नारळ खवला, साखर, वेलची, वर पाच फळं. बाहेर झाडं आहेत की नाहीत ते दिसत नव्हतं. तरी मिल्का खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "त्यांना ठाऊक असतं."

क्लोई पाया पडल्यासारखी वाकली. तसं करत नाहीत हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मिल्काने मासे तळायला घेतले तशी ती तोंडावर हात धरून बाहेर पळाली. परत आली ती पांढरीफटक.

"आमच्या जेवणाचा वास सोसवत नाही," मी मिल्काला हळूच म्हणालो. "आणि यहुदी व्हायचंय."

"अहो, तुम्ही गप्प बसा," मिल्का म्हणाली. तिने मासे झाकून टाकले आणि क्लोईला मीठ लावलेला आवळा दिला. तिच्या बरणीतला आवळा ती मलाही मोजून देते. आज बरणीच पुढ्यात ठेवली.


१२ फेब्रुवारी, गुरुवार

कुंड बाद झालं.

गेले तीन दिवस उजाडताच बर्फ घालत होतो. डेअरी इतकी गार की शेगडीला न जुमानता वरचा बर्फ तसाच राहायचा. माप भरायला थोडंच उरलं होतं. आज मी नदीवर, लेव्ही हॉस्पिटलात. मिल्काने पाण्यात हात घालून पाहिला आणि चटकन काढून घेतला. थ्वेटच्या स्वयंपाकघरातून तिने उकळत्या पाण्याच्या किटल्या आणल्या आणि हौदात ओतल्या. एक ओतली, मग दुसरी, मग ओततच गेली. बर्फही वितळेल आणि पोरीला पाणीही कोमट मिळेल.

मी परतलो तोच रब्बी पाहणीला आल्या, तेव्हा तिनेच कौतुकाने सांगितलं. "हात घालून बघा, रब्बीबाई. आंघोळीचं झालंय."

रब्बी हौदाच्या काठावर बसल्या. अपुऱ्या कुंडात हाताने ओतलेलं पाणी पडलं की सगळं कुंड जातं, त्या म्हणाल्या.

"आणि पुरतं भरलं असतं तर?"

"मग हवं तेवढं ओता. चाललं असतं."

मिल्काला रडू आवरेना. "त्या थंडीत कशी उतरणार होती ती? आत्ता? या दिवसांत?"

"फेब्रुवारीत थंडी असायचीच," मी म्हणालो. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. दोघी एकाच वेळी दुसरीकडे पाहू लागल्या.

उपसून पुन्हा भरायचं म्हणालो तर थ्वेटने आकाशाकडे बोट केलं. वारा फिरला आहे.


१३ फेब्रुवारी, शुक्रवार

उबदार वारा, रिमझिम. कुरणं डाग पडल्यासारखी उघडी होत आहेत. आता टोपलीत येतो तो बर्फ नाही आणि पाणीही नाही.

नदी चढायला लागली. इतके दिवस तिला काही सांगितलं नव्हतं, ते सगळं आता एकदम सांगतायत.

रब्बींचा पुन्हा फोन. थ्वेटच्या कुरणाखाली चुनखडीचा कडा आहे. त्याच्या पायथ्याशी झरा निघतो आणि तिथे छातीइतका डोह आहे. तो चालेल का, असं त्यांनीच मला विचारलं. झऱ्याचं पाणी वाहतं असलं तरी शुद्ध. पावसाचं, बर्फाचं पाणी मात्र थांबलेलं हवं. वाहतं चालत नाही. आणि आता झरा दुपटीने वाहतो आहे.

"त्यात वितळलेला बर्फ निम्म्याहून जास्त असेल," त्या म्हणाल्या, "तर शास्त्राने तो झरा राहिला नाही."

"आणि हे ठरवणार कोण?"

"जुने लोक नुसते भांडले यावर. एकाने वितळायच्या दिवसांत आपल्या मुलींसाठी वेगळी कुंडं केली. त्याचा नदीवर भरवसा नव्हता. दुसरा म्हणाला, नदी आपल्याच खडकातून वाढते. त्यांच्यापाशी मोजणारा माणूस नव्हता. माझ्यापाशी आहे. तुम्ही सांगाल ते मी लंडनच्या लोकांना सांगेन."

मी हो म्हणालो. फोन ठेवल्यावर कळलं, मी कशाला हो म्हणालो ते.


१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी मीटर घेऊन कड्याशी गेलो. पाण्यातून वीज किती सहज जाते ते हे यंत्र सांगतं. बर्फाच्या पाण्यात क्षार नसतात. आकडा जवळजवळ शून्य. खडकातलं पाणी खडक विरघळवून येतं, आकडा मोठा. या झऱ्याचा आकडा मला घरच्या पत्त्यासारखा पाठ आहे: चारशे. बर्फ निम्मा असेल तर दोनशे दिसेल. मनात मी दीडशे धरून चाललो होतो.

क्लोई भिंतीपाशी उभी होती. मी बोलावलं नव्हतं. खिशात हात, काही विचारलं नाही. मध्येच भिंतीआड गेली, ओकारीचा आवाज आला, तोंड पुसत परत आली. सकाळचं काही बाधलं असावं.

वर सगळा डोंगर वाहत होता. गवताखालून, दगडांमधून, वाटेवरून बर्फाचं पाणी येत होतं, आणि कड्याच्या वर पोचलं की जमिनीत जिरून दिसेनासं होत होतं. कड्याखाली झरा दुपटीने बाहेर पडत होता. त्याच्यावर वाफ होती. हात घातला. गार, पण बर्फाचा गार नाही. तळघराचा गार.

मीटर बुडवलं. तीनशे सत्तर.

यंत्र बिघडलं असेल म्हणून पुसलं, पुन्हा बुडवलं. तीनशे सत्तर. ओंजळीत बर्फ वितळवून त्यात धरलं. यंत्र ठीक होतं. पलीकडच्या कडेला जाऊन मोजलं.

पुस्तकी ज्ञान मला होतं. नवं पाणी वरून आत शिरतं आणि आतलं जुनं पाणी पुढे ढकलतं. पुरात बाहेर येतं ते जुनं असतं. तक्ते मी स्वतः काढले आहेत. पण आज मी त्याच्यासमोर उभा होतो. डोक्यावर एक डोंगर बर्फ वितळत होता आणि पायाशी येत होतं ते भलतंच पाणी, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी आधी पडलेलं. कदाचित लेव्ही शाळेत होता तेव्हाचं. ते इतकी वर्षं आत अंधारात उभं होतं आणि परवाच्या बर्फाने त्याला धक्का दिला. पायाखालची जमीन गुणगुणल्यासारखी वाटत होती. मी बूट काढून पाहिलं. खरोखर गुणगुणत होती.

हेही लिहून ठेवतो. 'खात्रीने सांगता येत नाही' असं म्हणालो असतो तर कोणी मला खोटारडा म्हटलं नसतं. शास्त्रात शंकेला जागा असते. मी ती जागा शोधत होतो, आणि मला सापडलीही: बर्फाचं पाणी खडकात पुरेसं राहिलं की त्यालाही खडकाचे क्षार लागतात. मग ते खडकाचंच होतं. कुठलंही मीटर त्याला वेगळं काढू शकत नाही. म्हणजे या तीनशे सत्तरात असं मुरलेलं बर्फाचं पाणी किती, हे मला सांगता येणार नाही.

तिथूनच रब्बींना फोन लावला आणि दोन्ही सांगितलं, आकडा आणि शंका.

"मुरलेलं म्हणजे खडकातून आलेलंच ना?"

"हो."

"मग ते झऱ्याचं. ते आधी काय होतं, हे आम्ही विचारत नाही." आणि थोड्या वेळाने, "झालेल्या माणसालाही ते विचारायचं नसतं. तुम्हाला ठाऊक असेल."

फोन खिशात टाकला. क्लोई माझ्याकडे बघत होती.

"झऱ्याचं आहे," मी म्हणालो.

ती भिंतीवर बसली, तिथे उरलेल्या बर्फावरच.

"भिजशील," मी म्हणालो. तिने ऐकलं नाही. मग मी माझा कोट काढून दिला आणि तिच्या बाजूला बसलो. आम्ही बराच वेळ झरा बघत होतो. याआधी आम्ही दोघं इतका वेळ कधी एकत्र बसलो नव्हतो.


१६ फेब्रुवारी

परीक्षा थ्वेटच्या बैठकीच्या खोलीत झाली. दुपारी सगळे कड्याकडे गेलो. डोहाशी फक्त मिल्का आणि रब्बीबाई. लंडनचे दोन रब्बी, लेव्ही, थ्वेट आणि मी भिंतीच्या अलीकडे, डोहाकडे पाठ करून.

"तिचा बाप्तिस्मा झालाय बरं का," थ्वेट मला पुटपुटला. "चॅपलमध्ये. तोही पाण्यानेच. नळाच्या."

"वाईट वाटतं?"

"मला थंडी वाजते." त्याने टोपी काढली होती.

पाण्याचा आवाज झाला. मिल्का ओरडली, "कोशेर!" म्हणजे बुडी शास्त्राला धरून झाली. दुसऱ्यांदा आवाज, आणि मग काहीच नाही. लेव्हीने माझी बाही धरली. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तशी. पलीकडे मिल्काचा आवाज, "अगं, बट वर राहिली. केस वर तरंगले. परत घे, बाळ, परत." झऱ्याच्या आवाजात क्लोईचे दात वाजलेले ऐकू येत होते, किंवा मला तसं वाटलं. पुन्हा पाणी. "कोशेर!" पुन्हा. "कोशेर!"

मग क्लोईचा आवाज. आशीर्वाद म्हणत होती, हिब्रूत. चाल लंडनची नव्हती. मिल्काने तिला आमची कोकणातली चाल शिकवली होती, मला न सांगता. माझी आई त्याच चालीत म्हणायची. थ्वेटला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं आणि तो रडत होता. मी आकाशाकडे पाहत होतो. रिमझिम होती, म्हणून चेहरा ओला होता.

ब्लँकेटं गुंडाळून ती भिंतीच्या दाराशी आली. ओठ निळे. अंगातून वाफ निघत होती, डोहावर होती तशी.

"पाणी उबदार होती, बाबा," ती मराठीत म्हणाली.

याआधी ती मला अंकल म्हणायची.


२० फेब्रुवारी, शुक्रवार

डोंगर मोकळा. बर्फ फक्त भिंतींच्या सावलीत. नदी उतरते आहे, झरा नाही. तो अजून तसाच भरलेला.

मिल्काने मेणबत्त्या लावल्या. क्लोईने तिच्या शेजारी उभं राहून लावल्या. जेवताना, म्हणजे ती फक्त भात खात होती, तिने विचारलं, "मग आपण वाहिला तो बर्फ? डोंगरावर पडला तो सगळा? तो कुठे आहे?"

"आत आहे. खडकात."

"तो बाहेर कधी येणार?"

मी सांगितलं, बरंचसं पाणी वर्षानुवर्षं राहतं. पण मोठ्या भेगांतून येणारं लवकर येतं. एका हिवाळ्यात वर विवरात हिरवा रंग टाकून पाहिला होता, तो उन्हाळ्यात झऱ्याला दिसला. तो हिशेब धरला तर यातलं पहिलं पाणी ऑगस्टच्या सुमाराला येईल.

लेव्हीने घास खाली ठेवला. मिल्काने क्लोईकडे पाहिलं.

"केव्हा म्हणालात?" मिल्काने विचारलं.

"ऑगस्ट. शेवटच्या आठवड्यात म्हणा. थोडं पुढेमागे होईल."

"परत सांगा," क्लोई म्हणाली. तिने एक हात टेबलाखाली नेला होता.

मी परत सांगितलं. नुसता अंदाज होता, आणि मी तसं म्हणालोही. आजवर माझा कुठलाच अंदाज कोणी इतकं कान देऊन ऐकल्याचं मला आठवत नाही.